चाल न लिहिलेली वही

जुन्या संगीत नाटकांची पुस्तकं चाळताना पदांच्या डोक्यावर बारीक टायपात ‘चाल’ असा शब्द छापलेला दिसतो. त्याच्यापुढे त्या काळी घराघरात ठाऊक असलेल्या एखाद्या गाण्याचे पहिले दोनचार शब्द. भजनी मंडळाच्या वहीतही हीच रीत. स्वरलेखन कुणाला येत नसे आणि त्यावाचून अडतही नसे. ओळखीच्या चालीवर नवे शब्द बसवले की पद तयार. पण ज्या गाण्याचा हवाला दिला, तेच लोकांच्या कानांतून गेलं तर? शब्द उरतात, गाणं उरत नाही.

अमेरिकन गीतकार-गायक वुडी गथ्री १९६७ मध्ये गेला, तेव्हा त्याच्यामागे अशी गाणी खोकी भरभरून राहिली होती. त्याच्या संग्रहातली गीतं आज ३,००० च्या घरात मोजली जातात. त्याने स्वतः रेकॉर्ड केलेली त्यांतली थोडीच. उरलेल्यांच्या चाली त्याच्या डोक्यात होत्या, त्या त्याच्याबरोबर गेल्या. बहुतेक पानांवर ‘चाल’ ही एक ओळसुद्धा नाही. या कागदांतून १९९८ साली ‘मर्मेड ॲव्हेन्यू’ नावाचा अल्बम निघाला. कुणाचं तरी जुनं, खासगी लिखाण हातात घेऊन त्यातून नवं गाणं कसं घडवावं, याचा याहून चांगला धडा माझ्या ऐकण्यात नाही.

वुडीचा जन्म १४ जुलै १९१२ चा, ओक्लाहोमातल्या ओकीमा गावचा. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या मधल्या पट्ट्यात सलग दुष्काळ पडला, नांगरून भुसभुशीत केलेली माती वाऱ्याबरोबर उडाली, दिवसाढवळ्या अंधार करणारी धुळीची वादळं आली आणि लाखो शेतकरी कुटुंबं बिऱ्हाड पाठीवर घेऊन पश्चिमेकडे निघाली. त्या वाटेवर वुडीही होता. त्या माणसांची गाणी त्याने केली आणि १९४० मध्ये ‘डस्ट बोल बॅलड्स’ या नावाने ती ध्वनिमुद्रित झाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या एका स्वस्त हॉटेलात बसून त्याने ‘धिस लँड इज युअर लँड’ लिहिलं. आज अमेरिकेतली शाळकरी मुलं ते म्हणतात. त्याची चालही उसनीच होती, कार्टर फॅमिली या गायक कुटुंबाच्या एका धार्मिक गाण्यावरून घेतलेली. गिटारवर त्याने लिहून ठेवलं होतं की हे यंत्र फॅसिस्टांना मारतं. १९४१ मध्ये कोलंबिया नदीवरच्या धरणांची महती गाण्यासाठी सरकारी वीज खात्याने त्याला महिनाभर कामावर ठेवलं, तेव्हा पठ्ठ्याने ३० दिवसांत २६ गाणी लिहून दिली. पगार मिळाला २६६ डॉलर ६६ सेंट.

ही झाली लोकांना ठाऊक असलेली मूर्ती: धुळीने माखलेला, डोक्यावर तिरकी टोपी, मजुरांच्या बाजूने उभा राहिलेला शाहीर. ती खोटी नाही. पण ती एकाच बाजूने घडवलेली आहे आणि दुसरी बाजू वह्यांत पडून होती.

त्या वह्यांमधलं एक पान आता बरंच प्रसिद्ध आहे. नव्या वर्षाचे संकल्प, एकूण ३३, क्रमांक घालून लिहिलेले, आणि शेजारी जागोजागी छोटी छोटी चित्रं. जास्त काम करायचं, रोज एक गाणं लिहायचं. दात असतील तर ते घासायचे. मोजे बदलायचे, अंगावर स्वच्छ कपडे घालायचे. आईवर प्रेम करायचं, बाबांवर करायचं. आणि शेवटी, जागं व्हायचं आणि लढायचं. सगळं एकाच यादीत, एकाच अक्षरात, फॅसिझमशी लढणं आणि मोजे बदलणं यांत काही उच्चनीच नसल्यासारखं. मी हे पान पहिल्यांदा पाहिलं तेव्हा एवढंच वाटलं, की या माणसाच्या पुतळ्यापेक्षा हा माणूस कितीतरी जास्त आवडण्याजोगा आहे.

१९४० च्या दशकात वुडी आणि त्याची दुसरी बायको मार्जरी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये कोनी आयलंडला राहत. पत्ता, ३५२० मर्मेड ॲव्हेन्यू. मर्मेड म्हणजे जलपरी. समुद्र जवळच, आणि जत्रेतल्यासारखे आकाशपाळणेही. मार्जरी मार्था ग्रॅहमच्या नृत्यसंस्थेत नाचत असे. ती कामाला गेली की घरात वुडी, मुलं आणि टाइपरायटर. लहान भाड्याच्या घरात मुलांना सांभाळता सांभाळता तो लिहीत असे. बडबडगीतं, प्रेमगीतं, बेसबॉलपटू जो डिमॅजिओवरचं गाणं, उडत्या तबकडीवरचं गाणं. पुष्कळदा खाली तारीख आणि पत्ता घालून सही ठोकायची त्याची सवय होती, हे मागून येणाऱ्यांवर उपकारच झाले. याच घरात फेब्रुवारी १९४७ मध्ये विजेच्या वायरीमुळे आग लागली आणि त्यांची मुलगी कॅथी भाजून गेली. चौथा वाढदिवस होऊन आठवडाही झाला नव्हता. वुडीची बहीण क्लाराही लहान वयात अशीच जळून गेली होती.

आणि मग आजार. वुडीच्या आईला ज्या दुखण्याने वेड्यांच्या इस्पितळात नेलं, तेच दुखणं १९५२ मध्ये वुडीलाही असल्याचं निदान झालं. हंटिंग्टन रोग. चौथ्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात तीन अक्षरांचा एक तुकडा गरजेपेक्षा जास्त वेळा पुन्हा पुन्हा येतो, त्यातून सदोष प्रथिन तयार होतं आणि मेंदूतल्या पेशी हळूहळू मरत जातात. हातपाय आपोआप झटके देऊ लागतात, स्वभाव बदलतो, बोलणं अडखळतं, शेवटी गिळताही येत नाही. आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी. हे जनुक नेमकं सापडलं ते १९९३ मध्ये. वुडीच्या काळात अशा रुग्णांवर दारुडा किंवा वेडा असा शिक्का बसे. १९५३ मध्ये फ्लोरिडात शेकोटीच्या भडक्यात त्याचा उजवा हात भाजला आणि गिटारही सुटली. १९५६ पासून तो न्यू जर्सीच्या ग्रेस्टोन पार्क, मग ब्रुकलिन आणि शेवटी क्वीन्समधल्या इस्पितळात होता. ३ ऑक्टोबर १९६७ ला गेला तेव्हा वय ५५. पुढे त्याच्या पहिल्या लग्नाच्या दोन मुलीही याच रोगाने गेल्या. तो गेला त्याच वर्षी मार्जरीने हंटिंग्टनविरुद्ध काम करणारी संघटना उभी केली. या सगळ्यात तिने कागदांची ती खोकीही जपून ठेवली, ही गोष्ट सहज नजरेआड होते.

१९६१ च्या जानेवारीत मिनेसोटातून आलेला १९ वर्षांचा एक पोरगा वुडीला भेटायला येऊ लागला. त्याचं नाव बॉब डिलन. २००४ साली आलेल्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात डिलनने सांगितलं आहे, की एकदा वुडीने त्याला कोनी आयलंडच्या घरच्या तळघरातल्या खोक्यांबद्दल सांगितलं. चाल न लावलेली गाणी त्यात आहेत, हवी तर जाऊन घे, म्हणाला. डिलन हिवाळ्यात तिकडे निघाला. गाडी शेवटच्या स्थानकापर्यंत, पुढे दलदलीतून चालत. कपडे भिजून वर गोठले. दारात मुलं सांभाळणारी बाई. मार्जरी घरी नव्हती आणि वुडीचा मुलगा आर्लो एवढासा, त्याला खोक्यांची काही कल्पना नव्हती. थोडी ऊब घेऊन डिलन रिकाम्या हाताने परतला. त्याला ती गाणी मिळाली असती तर, असा विचार चाहते नेहमी करतात. मला वाटतं, न मिळाली हेच बरं झालं. त्या वयात डिलन वुडीच्या आवाजात गायचा, वुडीसारखा उभा राहायचा. त्याने त्या शब्दांना वुडीसारख्याच चाली लावल्या असत्या.

वुडीच्या शब्दांना दुसऱ्याची चाल लाभण्याचं एक उदाहरण त्याआधीच घडलं होतं. २८ जानेवारी १९४८ ला कॅलिफोर्नियातल्या लॉस गॅटोस खोऱ्यात एक विमान कोसळलं. ३२ माणसं मेली. त्यांतले २८ मेक्सिकन शेतमजूर होते, त्यांना त्यांच्या देशात परत पाठवलं जात होतं. काही बातम्यांत विमानाच्या कर्मचाऱ्यांची नावं आली आणि मजुरांसाठी ‘परत पाठवलेले’ एवढा एक शब्द पुरला. वुडीने त्यावर ‘डिपोर्टी’ ही कविता लिहिली. सुमारे दहा वर्षांनी मार्टिन हॉफमन नावाच्या तरुणाने तिला चाल दिली, लोकगायक पीट सीगरने ती गाऊन सर्वदूर नेली. फ्रेस्नोच्या दफनभूमीत त्या २८ जणांना एकत्र पुरलं होतं; तिथे त्यांच्या सगळ्यांच्या नावांचा दगड २०१३ साली बसला. ही कविता वहीतच राहिली असती तर त्या नावांचा शोध घ्यायला कुणी निघालं असतं का, कोण जाणे.

वुडीची धाकटी मुलगी नोरा १९५० च्या जानेवारीत जन्मली. म्हणजे तिला कळायला लागलं तेव्हापासून वडील आजारीच. वडिलांचा धड आवाज, धड चाल तिच्या आठवणीत जवळजवळ नाही. आईसारखीच तीही नृत्यात रमलेली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वुडीचे जुने व्यवस्थापक हॅरल्ड लेव्हेन्थाल यांच्या न्यूयॉर्कच्या कचेरीत ती खोकी उघडायला बसली आणि चाळिशी ओलांडल्यावर तिची वडिलांशी ओळख झाली. बाईवर भाळणारा, स्वतःवर हसणारा, घाबरणारा, अर्थहीन शब्दांशी तासन्‌तास खेळणारा बाप तिला त्या कागदांत भेटला. हा माणूस फक्त आपल्यापुरता ठेवायचा की लोकांत आणायचा, हा प्रश्न तिच्यापुढे होता. तिने दोन्ही गोष्टी केल्या, म्हणजे कागद जपण्यासाठी अभिलेखागार उभारलं आणि गाण्यांसाठी माणूस शोधला.

तो माणूस अमेरिकन नव्हता. इंग्लंडमधल्या एसेक्सचा, कामगार चळवळीची गाणी गाणारा बिली ब्रॅग. वुडीच्या ८० व्या वाढदिवसानिमित्त १९९२ मध्ये न्यूयॉर्कला झालेल्या मैफलीत तो गायला होता. नोराने १९९५ च्या सुमारास त्याच्यापुढे कागद ठेवले. तिचं म्हणणं असं, की वुडीला आदरांजली नको, त्याच्या जोडीने गाणी लिही. ब्रॅगने मग शिकागोच्या विल्को या बँडला सोबत घेतलं. जेफ ट्वीडी आणि जे बेनेट हे त्यातले मुख्य चाली करणारे.

इथे जरा थांबून कारागिरीकडे पाहू. आपल्याकडे ‘शब्द आधी की चाल आधी’ हा वाद संगीतकारांच्या बैठकीत अजून रंगतो. शब्द आधी असतील तर संगीतकार कवीला फोन करून म्हणू शकतो, ही ओळ दोन मात्रांनी लांब होतेय, बदला. इथे कवी तीस वर्षांपूर्वी गेलेला. शिवाय वुडी आयुष्यभर जुन्या लोकगीतांच्या चालींवर लिहीत आला, त्यामुळे त्याच्या ओळींच्या लांबीत, यमकांच्या जागांत कुठल्यातरी जुन्या चालीचा सांगाडा लपलेला असतो. ओळ मोठ्याने म्हटली की जीभ आपोआप त्या सांगाड्यावर जाते आणि चाल होते ती १९४० सालची, वापरून गुळगुळीत झालेली. नव्या माणसाला तो सांगाडा ऐकू यावा लागतो आणि मग त्याच्यापासून दूर जावं लागतं. धृपद कुठलं, हेही अनेकदा पानावर लिहिलेलं नसतं. कुठली ओळ परत परत म्हणायची, हे ठरवणं म्हणजे कवितेचा अर्थ ठरवणंच.

‘कॅलिफोर्निया स्टार्स’ ऐका. कष्टाने थकलेल्या माणसाला ताऱ्यांच्या अंथरुणावर पडून दुःख विसरावंसं वाटतंय, एवढाच विषय. ट्वीडी आणि बेनेट यांनी तीनचार कॉर्ड्सचं एक आवर्तन घेतलं आणि ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत तसंच फिरवत ठेवलं. अंतऱ्याला वेगळी चाल नाही, कुठे चढाव नाही. भजनाचा ठेका धरला की मान आपसूक डोलू लागते तसं होतं. थकलेला माणूस मोठा आवाज काढत नाही, हे त्या दोघांना उमगलं होतं. आज अमेरिकेत लोक हे गाणं शेकोटीभोवती, लग्नात म्हणतात आणि पुष्कळांना ते जुनं लोकगीतच वाटतं. ‘इन्ग्रिड बर्गमन’ याच्या अगदी उलट. १९५० च्या सुमारास ती नटी स्ट्रॉम्बोली नावाच्या ज्वालामुखीच्या बेटावर चित्रपट करायला गेली होती. वुडीने त्या ज्वालामुखीवरून एक चावट, लाडिक प्रेमगीत रचलं. ब्रॅग ते एकट्या गिटारवर, दोन मिनिटांच्या आत, कानात सांगितल्यासारखं गातो. चावट शब्दांना चावट चाल दिली असती तर गाणं उथळ झालं असतं. त्याने ते हळवं केलं आणि शब्दांतलं एकटेपण वर आलं. ‘वे ओव्हर याँडर इन द मायनर की’ मध्ये ओकीमाच्या आसपासचं बालपण आहे. ब्रॅगच्या ओबडधोबड आवाजामागे नॅटली मर्चंटचा आवाज येतो आणि आठवणींवर सावली पडल्यासारखं वाटतं. ‘हूडू वूडू’ निव्वळ पोरांसाठी, त्याला अर्थ नाही आणि लागतही नाही.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, राजकीय वुडीला बाजूला सारून घरगुती वुडी विकायला काढला. तसं झालेलं नाही. अल्बममध्ये येशूला राष्ट्राध्यक्ष करा म्हणणारं गाणं आहे, अमेरिकेतून घालवून दिलेल्या संगीतकार हान्स आयस्लरवरचंही आहे. पण ३,००० गीतांतून १५ निवडणं म्हणजे एका माणसाचं पुन्हा संपादन करणं, आणि कुठला वुडी पुढे आणायचा यावर एकमत होणं अवघडच. ब्रॅग आणि विल्को यांच्यात अंतिम मिश्रणावरून खटके उडाले, एकत्र दौराही झाला नाही. ते ऐकताना जाणवतं, आणि मला ते आवडतं. एका आवाजाने सगळं गायलं असतं तर वुडी पुन्हा एकाच साच्यात बसला असता. दुसरा भाग २००० मध्ये आला. वुडीच्या जन्मशताब्दीला, २०१२ मध्ये, तिसरा भाग जोडून सगळी ४७ गाणी एकत्र निघाली.

नोराने दार मग उघडंच ठेवलं. वुडीची सासू अलायझा ग्रीनब्लॅट यिडिश भाषेतली कवयित्री होती. त्या नात्यातून आणि कोनी आयलंडच्या ज्यू शेजारातून वुडीने ज्यू सणावारांवर बरीच गीतं लिहिलेली होती. ती नोराने क्लेझमॅटिक्स या बँडकडे दिली, आणि त्यांच्या ‘वंडर व्हील’ या २००६ च्या अल्बमला ग्रॅमी मिळालं. वुडी १९५० च्या शेवटी ब्रुकलिनच्या बीच हेवन या वसाहतीत राहायला गेला होता; तिथला घरमालक फ्रेड ट्रम्प काळ्या भाडेकरूंना थारा देत नाही म्हणून त्याने रागाने भरलेल्या ओळी लिहिल्या होत्या. विल कॉफमन या अभ्यासकाने त्या शोधून २०१६ मध्ये प्रसिद्ध केल्या, आणि त्याच वर्षी त्यांना चाल मिळाली.

हाच मार्ग पुढे इतरांच्या वह्यांनीही धरला. २०११ मध्ये कंट्री गायक हँक विल्यम्सच्या अपुऱ्या गीतांवर अनेकांनी मिळून अल्बम केला. तो डिलनच्याच कंपनीने काढला. आणि २०१४ मध्ये डिलनच्या स्वतःच्या जुन्या कागदांवर पाळी आली. वुडी गेला त्याच १९६७ साली लिहिलेली, चाल न लागलेली गीतं डिलनकडे पडून होती. निर्माता टी बोन बर्नेटने ती एल्व्हिस कॉस्टेलो, रियानन गिडन्स, मार्कस ममफर्ड, टेलर गोल्डस्मिथ आणि जिम जेम्स या पाच जणांपुढे ठेवली. यातला जिम जेम्स दोनच वर्षांपूर्वी वुडीच्या कागदांवरच्या अशाच एका अल्बमातही होता. गंमत अशी की एकेका गीताला दोघातिघांनी वेगवेगळ्या चाली केल्या आणि काही गीतं अल्बमवर दोन दोन रूपांत ठेवली. एकाच पानातून शोकगीतही निघतं आणि नाचाचं गाणंही, हे त्यात सलग ऐकता येतं. तो अल्बम मात्र मला ‘मर्मेड ॲव्हेन्यू’ इतका भिडत नाही. डिलन जिवंत होता, हवं तर तो स्वतः चाल लावू शकत होता. त्या कागदांना कुणाची वाट पाहावी लागत नव्हती.

वुडीचे कागद आता ओक्लाहोमात परत गेले आहेत. २०११ मध्ये जॉर्ज कायझर प्रतिष्ठानने ते विकत घेतले आणि टल्सा शहरात २०१३ मध्ये वुडी गथ्री केंद्र उघडलं. ओकीमा तिथून मोटारीने तासाभराच्या वाटेवर. संग्रहात अजून चाल न लागलेली गीतं शेकड्यांनी आहेत. त्याच प्रतिष्ठानने पुढे डिलनच्या वह्या, पत्रं, टाइप केलेली पानं असा सगळा संग्रह घेतला आणि २०२२ च्या मे महिन्यात बॉब डिलन केंद्र सुरू केलं. टल्सात, त्याच भागात, वुडीच्या केंद्राला लागून. कोनी आयलंडच्या दलदलीतून ज्या खोक्यांसाठी तो भिजत गेला होता ती, आणि त्याची स्वतःची, आता शेजारी शेजारी आहेत.